धातूच्या ग्रेटिंगचे मॉडेल: कागदावरच्या पहिल्या आकड्यापासून मोजमापाशी जुळणीपर्यंत

१९०२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉबर्ट वुड यांनी धातूच्या ग्रेटिंगवर, म्हणजे समान अंतरावर बारीक समांतर खाचा असलेल्या पृष्ठभागावर, दिव्याचा प्रकाश टाकला. वर्णपटात जिथे काहीच असायला नको होते तिथे त्यांना काळे आणि उजळ पट्टे दिसले. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांमध्ये असते तेवढ्याच अंतरात, म्हणजे जेमतेम ०.६ नॅनोमीटरमध्ये, उजेड दहापटीने घसरत होता. प्रकाशाचे विद्युत क्षेत्र खाचांना लंब असेल तरच हे घडत होते. रेले यांनी १९०७ मध्ये याचे अर्धे उत्तर दिले. उरलेले अर्धे, म्हणजे धातूच्या पृष्ठभागाला चिकटून धावणाऱ्या लहरींचे, १९४१ मध्ये उगो फानो यांच्या लेखातून आले.

हा इतिहास सुरुवातीलाच सांगण्यामागे कारण आहे. आज आपण संगणकावर धातूच्या ग्रेटिंगचे मॉडेल चालवतो तेव्हा वुड यांना दिसलेले तेच पट्टे आलेखावर खळगे आणि शिखरे होऊन उमटतात. पण गणनपद्धत चुकीची असली तरीही आलेखावर खळगे आणि शिखरे उमटतातच, आणि तीही तितकीच गुळगुळीत व देखणी. काचेच्या ग्रेटिंगमध्ये मॉडेल चुकले की बहुधा लगेच कळते, धातूमध्ये तसे होत नाही. म्हणून या लेखात मी एकच शिस्त धरून चाललो आहे: प्रत्येक पायरीवर संगणकाला असा प्रश्न आधी विचारायचा ज्याचे उत्तर आपल्याला कागदावर काढता येते.

सगळीकडे एकच उदाहरण वापरतो. सोन्याचा पृष्ठभाग, त्यावर साइन वक्रासारख्या खाचा, दोन खाचांमधले अंतर म्हणजे आवर्त ८०० नॅनोमीटर, माथ्यापासून तळापर्यंत खोली ४० नॅनोमीटर, वर हवा, आणि हेलियम-निऑन लेसरचा ६३३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश. सोने जाड आहे, म्हणजे खालून काहीही बाहेर पडत नाही.

पहिली पायरी: संगणक बंद ठेवून

ग्रेटिंगवरून प्रकाश ठरावीक दिशांनाच निघतो, आणि अशा प्रत्येक झोताला ऑर्डर म्हणतात. त्या दिशा सांगणारे ग्रेटिंगचे समीकरण सर्वांना पाठ असते:

साइन (बाहेरचा कोन) = साइन (आपाती कोन) + ऑर्डर क्रमांक × तरंगलांबी ÷ आवर्त

आपल्या उदाहरणात तरंगलांबी भागिले आवर्त म्हणजे ०.७९१. प्रकाश सरळ वरून आला तर +१ आणि −१ या ऑर्डर ५२.३ अंशांवर निघतात. ±२ साठी साइनची किंमत १.५८ येते, म्हणजे त्या ऑर्डर बाहेर पडूच शकत नाहीत. पण 'बाहेर पडत नाहीत' याचा अर्थ 'अस्तित्वात नाहीत' असा नव्हे. त्या पृष्ठभागाजवळ राहतात आणि उंचीबरोबर झपाट्याने विरतात. धातूच्या ग्रेटिंगचे निम्मे नाट्य या विरणाऱ्या, म्हणजे इव्हॅनेसंट, ऑर्डरमध्येच घडते. मॉडेलमधून त्या वगळल्या तर हाती काही उरत नाही.

आता दोन कोन शोधायचे. पहिला रेले कोन: इथे एखादी ऑर्डर पृष्ठभागाला अगदी समांतर होते, म्हणजे तिच्या साइनची किंमत १ होते. +१ साठी आपाती कोनाचा साइन १ − ०.७९१ = ०.२०९, म्हणजे १२.० अंश. दुसरा सरफेस प्लाझ्मॉनचा, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या, धातूच्या पृष्ठभागाला चिकटून धावणाऱ्या लहरीचा कोन. सपाट धातूवर धावणाऱ्या प्लाझ्मॉनचा परिणामी अपवर्तनांक असा काढतात: धातूची परमिटिव्हिटी भागिले (परमिटिव्हिटी + १), आणि त्याचे वर्गमूळ. परमिटिव्हिटी म्हणजे पदार्थ विद्युत क्षेत्राला कसा प्रतिसाद देतो ते सांगणारी संमिश्र संख्या, आणि तिचा काल्पनिक भाग शोषण दाखवतो. ६३३ नॅनोमीटरला सोन्याची परमिटिव्हिटी साधारण अशी असते: वास्तव भाग −११.७५, काल्पनिक भाग १.२६. उत्तराचा वास्तव भाग येतो १.०४५ आणि काल्पनिक भाग ०.००५१.

+१ ऑर्डरच्या साइनची किंमत १.०४५ व्हायला हवी असेल तर आपाती कोनाचा साइन ०.२५४, म्हणजे १४.७ अंश. −२ ऑर्डरनेही उलट दिशेचा प्लाझ्मॉन उठवता येतो, आपाती कोन ३२.५ अंश असताना. इथे एक सुंदर गोष्ट दिसते: १४.७ अंशांवर प्रकाश टाकला तर बाहेर पडणारी −१ ऑर्डर नेमकी ३२.५ अंशांच्याच वाटेने निघते. हा योगायोग नाही. एकाच प्लाझ्मॉनची ही दोन दारे आहेत, आणि पुढे तपासणीच्या वेळी याचा उपयोग होणार आहे.

तो काल्पनिक भाग ०.००५१ विसरू नका. त्यावरून दोन आकडे मिळतात. एक, प्लाझ्मॉनची ऊर्जा सुमारे १० मायक्रोमीटर धावून ई या संख्येच्या पटीने घटते. म्हणजे तो साधारण बारा खाचा ओलांडतो. दुसरा, प्लाझ्मॉनमुळे शून्य ऑर्डरच्या परावर्तनात पडणाऱ्या खळग्याची कोनातली रुंदी फक्त धातूतल्या शोषणामुळे सुमारे ०.६ अंश असणार, आणि खाचांमधून परत गळणाऱ्या प्रकाशाने ती आणखी वाढणार. कोनाची पायरी किती बारीक घ्यावी हा प्रश्न इथेच सुटला: १ अंशाने गेलात तर खळगा हुकेल, ०.०५ अंश ठीक.

हे सगळे अर्ध्या पानावर मावते. ते पान गणना संपेपर्यंत समोर ठेवा.

धातूचे आकडे कुठून, कसे

सोने, चांदी आणि तांब्यासाठी बहुतेक जण जॉन्सन आणि क्रिस्टी यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेली मोजमापे वापरतात. मूळ तक्ता इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये आहे. नॅनोमीटरमधून तिकडे जायला १२३९.८ भागिले तरंगलांबी करा, ६३३ नॅनोमीटर म्हणजे १.९६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. मधल्या किमती इंटरपोलेशनने काढा, पण तक्त्याच्या टोकापलीकडे रेघ ओढत नेऊ नका.

धातूतले इलेक्ट्रॉन मोकळे मानून परमिटिव्हिटी देणारे ड्रूडचे साधे सूत्र मोहक आहे. इन्फ्रारेडमध्ये ते चांगले चालतेही. पण सोन्यात सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून आतल्या पट्ट्यांमधले इलेक्ट्रॉन शोषणात उतरतात, म्हणूनच सोने पिवळे दिसते. तिथे ड्रूडचे सूत्र एकटे पुरत नाही. ॲल्युमिनियममध्ये असाच अडथळा १.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या, म्हणजे ८०० नॅनोमीटरच्या थोड्या पुढे आहे. शिवाय ॲल्युमिनियमवर हवेत काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड आपोआप चढतो. अल्ट्राव्हायोलेटमध्ये काम असेल तर तो थर मॉडेलमध्ये घ्यायलाच हवा.

आता चिन्हाविषयी, कारण इतक्या छोट्या गोष्टीने इतका वेळ खाल्लेला मी दुसरा पाहिला नाही. लहरीचा काळाशी संबंध ई च्या घातात 'उणे आय ओमेगा टी' असा लिहिला, तर शोषक धातूच्या परमिटिव्हिटीचा काल्पनिक भाग धन असतो. 'अधिक आय ओमेगा टी' लिहिला तर तो ऋण. भौतिकशास्त्राची पुस्तके बहुधा पहिला संकेत पाळतात, विद्युत अभियांत्रिकीची दुसरा. तक्ता एका संकेतातला आणि प्रोग्रॅम दुसऱ्यातला असेल तर तुमचे सोने प्रकाश शोषण्याऐवजी वाढवू लागते.

हे ओळखण्यासाठी खोली शून्य करून सपाट सोन्याचे परावर्तन काढा. सरळ आपातासाठी ९४.४ टक्के यायला हवे. चिन्ह उलटले असेल आणि प्रोग्रॅम वर्गमूळाची 'विरणारी' शाखा निवडत असेल, तर १०५.९ टक्के येतील आणि चूक लगेच पकडाल. पण प्रोग्रॅमने दुसरी शाखा निवडली तर उत्तर पुन्हा ९४.४ टक्केच येते आणि चूक लपून राहते. म्हणून सपाट पृष्ठभागाची चाचणी पार झाली एवढ्यावर समाधान मानू नका. धातूच्या आत क्षेत्र खोलीबरोबर विरते आहे का, तेही छापून पाहा. सोन्यात ते २९ नॅनोमीटरमध्ये ई च्या पटीने कमी व्हायला हवे.

ध्रुवण आणि नावांचा गोंधळ

ध्रुवण म्हणजे प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राची दिशा. विद्युत क्षेत्र खाचांना समांतर असेल तर टीई, चुंबकीय क्षेत्र समांतर असेल तर टीएम, असे मी म्हणतो. आपाताचे प्रतल खाचांना लंब असेल तर टीई म्हणजेच एस आणि टीएम म्हणजेच पी. प्रतल तिरके फिरवले, ज्याला शंक्वाकार मांडणी म्हणतात, की दोन्ही ध्रुवणे एकमेकांत मिसळतात आणि ही जोडी तुटते. काही प्रोग्रॅम ग्रेटिंगच्या जुन्या परंपरेप्रमाणे नावे देतात, काही आपातप्रतलाप्रमाणे. कागदपत्रांवर विसंबू नका. प्लाझ्मॉनचा खळगा फक्त टीएममध्ये दिसायला हवा, तो ज्यात दिसेल ते टीएम.

पद्धत निवडताना

सर्वांत वापरात असलेली पद्धत आरसीडब्ल्यूए, म्हणजे फूरियर-मोडल. १९८१ मध्ये मोहरम आणि गेलॉर्ड यांनी ती मांडली. कल्पना साधी आहे: ग्रेटिंगचे आडवे काप करायचे, प्रत्येक कापात परमिटिव्हिटी आणि क्षेत्रे फूरियर मालिकेत लिहायची, प्रत्येक कापाची आयगेनव्हॅल्यू समस्या सोडवायची आणि काप एकमेकांना सीमाअटींनी जोडायचे. उभ्या भिंतींच्या चौकोनी खाचांसाठी ही अगदी योग्य निवड आहे, कारण एकच काप पुरतो.

आपल्या उदाहरणातल्या गोलसर खाचांसाठी मात्र मी ती पहिली निवडणार नाही. साइन वक्राचे काप केले की जिना तयार होतो, आणि धातूच्या जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर टीएममध्ये क्षेत्र खोटेच उसळते. पायऱ्या वाढवल्या तरी कोपरे नाहीसे होत नाहीत, उलट त्यांची संख्या वाढते. दूरवरच्या कार्यक्षमता, म्हणजे येणाऱ्या ऊर्जेचा किती वाटा कोणत्या ऑर्डरमध्ये जातो ते आकडे, कसेबसे जुळतात, पण पृष्ठभागाजवळचे क्षेत्र आणि शोषण यांवर भरवसा ठेवता येत नाही.

गुळगुळीत वक्रासाठी सी-मेथड घ्या. शांदेझों, मेस्त्र आणि राउल यांनी ती १९८० मध्ये मांडली. उंचीतून वक्राची उंची वजा करून नवा निर्देशांक घ्यायचा, म्हणजे लाटांसारखा पृष्ठभाग सपाट होतो आणि गुंतागुंत मॅक्सवेलच्या समीकरणांत जाते. उथळ साइन खाचांसाठी ती विलक्षण वेगाने अचूक उत्तर देते. मर्यादा दोन: प्रत्येक जागेच्या वर पृष्ठभागाची एकच उंची असली पाहिजे, म्हणजे आत वळलेल्या खाचा चालत नाहीत, आणि उभ्या भिंतींशी तिचे जमत नाही.

याहून सोपी आणि विसरली गेलेली वाट म्हणजे रेले गृहीतक. खाचांच्या आतही क्षेत्र फक्त बाहेर जाणाऱ्या आणि विरणाऱ्या ऑर्डरनीच बनले आहे असे मानायचे आणि सीमाअटी थेट वक्रावर लावायच्या. साइन वक्रासाठी हे गृहीतक खोली आवर्ताच्या ०.१४२ पटीहून कमी असेल तोवर गणिताने बरोबर ठरते. आपल्या आवर्तासाठी ती मर्यादा ११४ नॅनोमीटर, आणि आपली खोली ४०. म्हणजे पन्नास-साठ ओळींचा स्वतः लिहिलेला प्रोग्रॅमही इथे खरे उत्तर देऊ शकतो. तो लिहाच, असा माझा आग्रह आहे. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरची तपासणी करायला स्वतःच्या हाताने लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमइतके चांगले साधन नाही.

एफडीटीडी, म्हणजे यी यांनी १९६६ मध्ये दिलेल्या जाळीवर काळाच्या पावलांनी मॅक्सवेलची समीकरणे चालवणे, कोणत्याही आकाराला चालते आणि एकाच धावेत पूर्ण वर्णपट देते. धातूसाठी मात्र तीन गोष्टी जपा. सोन्यात क्षेत्र २९ नॅनोमीटरमध्ये विरते, म्हणून पृष्ठभागाजवळ जाळी १–२ नॅनोमीटरची लागते. परमिटिव्हिटीचा तक्ता थेट भरता येत नाही, तो ड्रूड-लोरेंट्झसारख्या सूत्रात बसवावा लागतो, आणि ती बसवणी आपल्या पट्ट्यात किती चुकते ते आधी पाहावे लागते. तिसरी गोष्ट फसवी आहे: तिरक्या प्रकाशासाठी सीमेवर जी ब्लॉख अट लावतात ती कोन स्थिर ठेवत नाही, पृष्ठभागाला समांतर तरंगसदिश स्थिर ठेवते. वर्णपटाच्या प्रत्येक रंगासाठी कोन वेगळा निघतो. हे लक्षात न घेता काढलेला '१५ अंशांचा वर्णपट' खरे तर १५ अंशांचा नसतोच. शिवाय रेले कोनाजवळ एखादी ऑर्डर पृष्ठभागाला समांतर धावू लागली की कडेचा शोषक थर ती नीट शोषत नाही आणि तिथे खोटे तरंग दिसतात.

फायनाइट एलिमेंट पद्धत प्रत्यक्ष मोजलेल्या वेड्यावाकड्या आकारांसाठी उत्तम आहे. धातूचे कोपरे २–५ नॅनोमीटर त्रिज्येने गोल करून मगच जाळी बनवा. कारखान्यात तयार झालेला कोणताही कोपरा गणितातल्यासारखा टोकदार नसतो.

मोफत साधनांत मीप एफडीटीडीसाठी आणि एस-फोर आरसीडब्ल्यूएसाठी चांगली आहेत. मॅटलॅब असेल तर रेटिकोलोही आहे.

आरसीडब्ल्यूएच्या पोटात

चौकोनी खाचांसाठी बरेच जण हीच पद्धत वापरतील, आणि धातूची खरी गोम इथेच आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

पहिल्या पंधरा वर्षांत टीई झटकन स्थिर व्हायचे, पण टीएममध्ये शेकडो हार्मोनिक, म्हणजे फूरियर मालिकेतल्या संज्ञा, घेऊनही उत्तर डुलत राहायचे. धातू जितका चांगला वाहक, तितके जास्त. १९९६ मध्ये लालान व मॉरिस आणि ग्रॅने व गिझाल यांनी स्वतंत्रपणे सूत्र बदलून हे दुखणे बरे केले, आणि त्याच वर्षी लिफेंग ली यांनी त्यामागचे गणित स्पष्ट केले.

मुद्दा असा. खाचेच्या भिंतीवर परमिटिव्हिटी उडी मारते. भिंतीला लंब विद्युत क्षेत्रही उडी मारते. पण दोघांचा गुणाकार, म्हणजे विस्थापन क्षेत्र, अखंड राहतो. दोन तुटक गोष्टींच्या उड्या एकमेकींना पुसून टाकतात. मर्यादित फूरियर मालिकांचा नेहमीच्या पद्धतीने गुणाकार केला तर हे पुसले जाणे हातचे निसटते. त्याऐवजी 'एक भागिले परमिटिव्हिटी' या फलाच्या फूरियर गुणांकांची टोप्लिट्झ मॅट्रिक्स (जिच्या प्रत्येक कर्णावर एकच संख्या असते ती) बनवायची आणि तिचा व्यस्त घ्यायचा. जिथे क्षेत्र भिंतीला समांतर आणि म्हणून अखंड आहे, तिथे नेहमीचाच गुणाकार बरोबर. चुकीच्या जागी चुकीचा नियम लावला तर उत्तर अखेरीस बरोबर किमतीकडे जाते, पण इतक्या सावकाश की मध्येच ते स्थिर झाल्याचा भास होतो.

तुमचा प्रोग्रॅम जुना असेल किंवा कुणाकडून आला असेल तर हा एकच प्रश्न विचारा: टीएममध्ये व्यस्त नियम आहे का?

दुसरी जागा कापांच्या जोडणीची. वर जाणाऱ्या आणि खाली जाणाऱ्या लहरींना एका ट्रान्सफर मॅट्रिक्सने पुढे ढकलणे सोपे वाटते, पण त्यात वाढणाऱ्या घातांकी संज्ञा येतात. आपल्या आवर्तासाठी ३० क्रमांकाचा हार्मोनिक घ्या आणि २०० नॅनोमीटर खोलीची खाच घ्या. घातांक येतो सुमारे ४७, आणि ई चा ४७ वा घात म्हणजे १० च्या २० व्या घाताहून मोठी संख्या. संगणक १६ अंक धरून ठेवतो. म्हणजे विरणारा भाग पूर्णपणे बुडाला. स्कॅटरिंग मॅट्रिक्स वापरा, तिच्यात फक्त विरणाऱ्या संज्ञा राहतात. हार्मोनिक वाढवल्यावर उत्तर सुधारण्याऐवजी अचानक वेडेवाकडे होत असेल तर पहिला संशय इथे घ्या.

हार्मोनिक किती घ्यायचे? एकच किंमत वापरून कधीच थांबू नका. १०, २०, ३०, ४५, ६० अशा संख्यांसाठी, आणि तेही १४.७ अंशांवर, खळग्याच्या तळाशी, उत्तर काढा. शांत कोनावर काढलेले अभिसरण, म्हणजे उत्तराचे स्थिर होणे, काही सिद्ध करत नाही. हार्मोनिकची संख्या दुप्पट केली की वेळ साधारण आठपट होतो, म्हणून ही परीक्षा एका बिंदूवर करायची आणि मग संख्या ठरवून पूर्ण कोनपट्टी चालवायची.

आणखी एक सूचना. ऊर्जेचा हिशोब तपासायला अनेक जण धातूचा काल्पनिक भाग शून्य करतात. काटकोनी धातूच्या कोपऱ्यांवर हे धोक्याचे आहे. शोषण नसेल आणि धातू व हवा यांच्या परमिटिव्हिटीचे गुणोत्तर −३ ते −१/३ या पट्ट्यात असेल, तर कोपऱ्यावरचे क्षेत्र इतके बेलगाम होते की पद्धत अभिसरणालाच नकार देते. लाल रंगात सोन्याचा −११.७५ हा आकडा त्या पट्ट्याबाहेर आहे, पण चांदीच्या बाबतीत अल्ट्राव्हायोलेटकडे सरकलात की त्यात शिराल.

कार्यक्षमता आणि तिच्या परीक्षा

ऑर्डरचा आयाम मिळाला की त्याचा वर्ग म्हणजे कार्यक्षमता नव्हे. त्याला बाहेरच्या कोनाचा कोसाइन भागिले आपाती कोनाचा कोसाइन, याने गुणावे लागते, कारण तिरका झोत पृष्ठभागावर जास्त पसरतो. पारगमनाच्या ऑर्डरमध्ये माध्यमाचा अपवर्तनांकही येतो, आणि टीएममध्ये तो टीईपेक्षा वेगळ्या रीतीने येतो.

यानंतर परीक्षा. सपाट पृष्ठभागाची चाचणी वर झालीच, पण ती फूरियर गुणाकाराच्या नियमांना स्पर्शही करत नाही. सपाट थरात उडीच नसते. म्हणून पुढची चाचणी उथळ खाचांची.

आयाम, म्हणजे निम्मी खोली, २० नॅनोमीटर. त्याला तरंगसंख्येने गुणले तर ०.१९८५, आणि त्याचा वर्ग ०.०३९४. सरळ आपाताला आदर्श वाहकासाठी पहिल्या क्रमाचे विचलन-गणित सांगते: टीईमध्ये ±१ ऑर्डरची कार्यक्षमता म्हणजे हा वर्ग गुणिले बाहेरच्या कोनाचा कोसाइन, टीएममध्ये तोच वर्ग भागिले कोसाइन. ५२.३ अंशांचा कोसाइन ०.६११. म्हणजे टीईमध्ये २.४ टक्के आणि टीएममध्ये ६.४ टक्के. ध्रुवण न मानणारे साधे स्केलर गणित दोघांच्या मधला, ३.९ टक्क्यांच्या आसपासचा आकडा देते. खाचा इतक्या उथळ असूनही स्केलर गणित कुठल्याही एका ध्रुवणाला बरोबर पकडत नाही, कारण ऑर्डर फार तिरकी निघते आहे. खऱ्या सोन्यासाठी हे आकडे सरकतील, टीएममध्ये जास्त. पण खोली निम्मी केली की कार्यक्षमता पावपट झालीच पाहिजे. ती झाली नाही तर पुढे जाऊ नका.

मग परस्परता. १४.७ अंशांवर प्रकाश टाकून −१ ऑर्डरची कार्यक्षमता लिहून ठेवा. आता ती ऑर्डर ज्या वाटेने बाहेर पडली त्याच वाटेने, ३२.५ अंशांवरून, प्रकाश उलट पाठवा. पहिल्या आपाताच्या वाटेने बाहेर पडणाऱ्या ऑर्डरची कार्यक्षमता तीच यायला हवी. धातूत शोषण असले तरीही हे खरे असते, म्हणून धातूसाठी ही परीक्षा मला सर्वांत मोलाची वाटते. करवतीच्या दातांसारख्या तिरक्या खाचा असतील तर आणखी सोपे: शून्य ऑर्डरचे परावर्तन डावीकडून आणि उजवीकडून सारखेच असते, खाचा कितीही एकांगी असल्या तरी. इतर ऑर्डर मात्र बदलतात.

शेवटी ऊर्जा. सर्व ऑर्डरच्या कार्यक्षमतांची बेरीज १ हून कमी येईल, आणि उणीव म्हणजे शोषण. पण 'उणीव म्हणजे शोषण' असे म्हणून सोडले तर सगळ्या चुका त्या उणिवेत गाडल्या जातात. शोषण स्वतंत्रपणे काढा: परमिटिव्हिटीचा काल्पनिक भाग आणि क्षेत्राचा वर्ग यांच्या गुणाकाराची धातूभर बेरीज. दोन्ही आकडे जुळले तर हिशोब सुसंगत आहे. सुसंगत म्हणजे अचूक मात्र नव्हे. आरसीडब्ल्यूए मोजक्याच हार्मोनिकवरही ऊर्जेचा हिशोब चोख राखू शकते आणि तरीही कार्यक्षमता चुकीच्या देऊ शकते. या एका गैरसमजापायी चुकलेले निकाल मी पाहिले आहेत आणि स्वतःही काढले आहेत.

कोनपट्टी चालवल्यावर काय दिसावे

टीएममध्ये शून्य ऑर्डर पाहा. १२.० अंशांजवळ आलेखाला तीक्ष्ण मोड येईल. ती रेले यांची जागा, +१ ऑर्डर तिथे बाहेर पडणे थांबवते. पुढे १४.७ च्या आसपास रुंद खळगा. त्याचा आकार दोन बाजूंना सारखा नसेल, कारण थेट परावर्तित प्रकाश आणि प्लाझ्मॉनमधून परत गळणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात. खळगा नेमका १४.७ वर नसला तरी घाबरू नका, तो आकडा सपाट पृष्ठभागाच्या सूत्राचा आहे आणि खाचा त्याला थोडे हलवतात. पण तो १२ च्या अलीकडे आला तर चिन्ह, आवर्त किंवा परमिटिव्हिटी यांपैकी काहीतरी चुकले आहे.

आता खोली ० पासून हळूहळू वाढवा. आधी खळगा अरुंद आणि उथळ असतो, मग खोल होतो, आणि एका मर्यादेनंतर रुंदावत, सरकत पुन्हा भरू लागतो. खाचांतून होणारी गळती आणि धातूतले शोषण यांचा तोल जिथे साधतो तिथे खळगा सर्वांत खोल. ही मालिका मी प्रत्येक नव्या प्रोग्रॅमवर चालवतो. पडद्यावर ती पाहताना ग्रेटिंग कळत जाते, निव्वळ शेवटच्या आकड्यावरून ते कळत नाही.

मोजमापाशी जुळवताना

मॉडेलमध्ये एकाच दिशेची अनंत लहर असते, टेबलावर लेसरचा झोत. झोत १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या ठिपक्यावर केंद्रित केला तर तो मधल्या दिशेच्या दोन्ही बाजूंना सुमारे १.२ अंश पसरतो. खळगा ०.६ अंशांचा, म्हणजे तो जवळजवळ पुसला जाणार. मॉडेलचा आलेख त्या पसाऱ्यावर सरासरी करूनच तुलना करा, किंवा झोत एक मिलिमीटरचा ठेवा.

खडबडीतपणामुळे सगळ्या दिशांना पसरणारा प्रकाश वेगळा धरा. तो साधारण असा मोजतात: (४ × पाय × खडबडीतपणा × आपाती कोनाचा कोसाइन ÷ तरंगलांबी) यांचा वर्ग. खडबडीतपणा २ नॅनोमीटर असेल तर सरळ आपाताला ०.१६ टक्के. आकडा छोटा आहे, पण स्पेक्ट्रोमीटरमध्ये मंद रेषा शोधणाऱ्याला तो नडतो. खाचांच्या अंतरातच नियमित चूक असेल तर खऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना 'भुते' दिसतात. त्यांच्यासाठी एका आवर्ताचे मॉडेल पुरत नाही, अनेक खाचांचा मोठा आवर्त घ्यावा लागतो.

मोजलेला खळगा समजा १५.१ अंशांवर आला. आवर्त, खोली, परमिटिव्हिटी, पृष्ठभागावरचा थर हे सगळे एकदम मोकळे सोडून संगणकाला जुळवणी करायला सांगू नका. तो काहीही जुळवून देईल. आधी आवर्त स्वतंत्रपणे ठरवा: −१ ऑर्डर आल्या वाटेने परत जाते तो लिट्रो कोन आपल्या ग्रेटिंगसाठी २३.३ अंश, आणि तो धातूच्या गुणधर्मांवर अवलंबून नाही. आवर्तात १ नॅनोमीटरची चूक असली तर खळगा जेमतेम ०.०६ अंश हलतो, म्हणजे ०.४ अंशांचा फरक आवर्तावर ढकलायचा तर तो ६–७ नॅनोमीटर चुकलेला असावा लागेल, आणि लिट्रो कोन ते लगेच सांगेल. मग ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने मोजलेला वक्र खोलीसाठी घाला, साइन मानू नका. तरीही खळगा मोठ्या कोनाकडेच उरला, तर पृष्ठभागावर काही नॅनोमीटरचा थर बसला आहे का ते पाहा. असा थर प्लाझ्मॉनचा परिणामी अपवर्तनांक वाढवतो आणि खळग्याला याच दिशेने ढकलतो. नमुना स्वच्छ करून पुन्हा मोजा. खळगा मागे सरकला तर थर होता. सरकला नाही, तर तुमच्या सोन्याची परमिटिव्हिटी तक्त्यातल्या सोन्यासारखी नाही. त्याच बॅचमध्ये बनवलेल्या सपाट फिल्मवर एलिप्सोमीटरने ती मोजून घ्या आणि पहिल्या पायरीचे अर्धे पान नव्या आकड्यांनी पुन्हा लिहा.